हरण्याचा फोटो

"मास्तर, ह्यो बैल तीन पायांचा हाय का?"

रज्जाकभाईंनी माझा फोटो उन्हात धरला होता आणि एक डोळा मिटून ते त्याच्याकडे बघत होते. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. पाय तीनच दिसत होते.

"चौथा मागं आहे," मी म्हणालो.

"ते तुमास्नी ठावं. बगणाऱ्याला कसं कळायचं? त्यो म्हणंल, चौथा लंगडा असंल, म्हणून झाकला." त्यांनी दुसरा फोटो वर घेतला. "ह्याची शेपटी कुनी तोडली? आन ह्या गड्याच्या तर डोक्यातनंच लाइटीचा खांब उगवलाय."

बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

पौषातली जनावरांची यात्रा होती. साल एक्क्याण्णव. सांगोला तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवत होतो. दिवाळीच्या सुटीत पुण्याला जाऊन फोटोग्राफीचा पंधरा दिवसांचा वर्ग करून आलो होतो आणि तेव्हापासून गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवून गावभर हिंडत होतो. वर्गातल्या सरांनी आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. जवळ जा. चौकटीत जे कामाचं नाही ते बाहेर काढा. रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेली जागा. हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. सरांनी विद्यार्थ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं, फोटो पोहोचवायची मुदत वीस दिवसांवर आली होती आणि पाठवण्याजोगा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मला कशाचाच दम निघत नव्हता. शाळेत लक्ष नसायचं. जेवताना दोन्ही हातांची चौकट करून ताटाकडे बघायचो. बायको म्हणायची, आधी जेवा, मग ताट कुठनं चांगलं दिसतं ते बघा.

रज्जाकभाई मुलाणी वीस वर्षं यात्रांमधून बैलांचे फोटो काढत होते. लोक बैल विकताना फोटो काढत, विकत घेतल्यावर काढत आणि नंबर आला तर हार घालून काढत. रज्जाकभाईंचं सगळं शास्त्र जिभेवर होतं. "बैलाच्या पोटाच्या उंचीला बसायचं. हुबं ऱ्हाऊन काढला तर बैलाचं वासरू हुतंय. चार पाय चार ठिकाणी दिसलं पायजेत. शिंगं आभाळात पायजेत. मागं मानूस नको, गाडी नको, तंबू नको." त्यासाठीच त्यांनी यात्रेच्या टोकाचा तलावाचा बांध धरला होता. बैल बांधावर उभा करायचा, आपण खाली बसायचं. मागं नुसतं आभाळ.

"आता येईल ते गिऱ्हाईक तुमचं," माझे फोटो परत देत ते म्हणाले. "मी तिकडं नंबरातली जोडी काढून येतो. बगू तरी पुण्याचं शिक्षन."

ते गेले आणि मी बांधाखाली इकडून तिकडे येरझारा घालू लागलो. आज चुकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते जवळजवळ पळतच. साठीची बाई, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. तिच्यामागून एक म्हातारा बैल घेऊन येत होता.

"फोटूवालं कोन?"

"मी."

"मग चला उटा. लगीच काढायचाय. तिकडं टेम्पो लावून ऱ्हायल्यात."

मी उभाच होतो, पण तिला तेवढं बघायला वेळ नव्हता. ती कोंडाबाई गडदे. म्हातारा तिचा नवरा, दामू. आणि बैल हरण्या. खिलार जातीचा, उंचापुरा, अंगावर हरणासारखी तांबूस झाक, शिंगं मागं वळून वर गेलेली. असा बैल माझ्यासमोर आयता चालून आला होता. मला पुण्यातली भिंत दिसायला लागली आणि तिच्यावर हरण्या.

त्यांच्यामागोमाग पांढऱ्या टोपीतला एक मजबूत माणूस आला. त्याच्या खांद्यावर नवं कोरं दावं होतं, लाल-हिरव्या गोंड्यांचं. हा घेणारा, सिद्राम बिराजदार. मंगळवेढ्याच्या बाजूचा.

"आटपा, पाव्हणं," तो दामूला म्हणाला. "उजेड हाय तवर घर गाठायचंय."

"एक फोटू काढू द्या," कोंडाबाई म्हणाली. "आमचं दावं गळ्यात हाय तवर त्यो आमचा. फोटू झाला की सोडतो, मग घाला तुमचं."

आमच्याकडे जनावर विकतात, दावं विकत नाहीत. दावं सोडून घरी न्यायचं असतं. बिराजदार मान हलवून बांधाच्या उतारावर टेकला, पण त्याचा पाय सारखा हलत होता.

"घरात ह्याचा एक बी फोटू न्हाई, मास्तर," कोंडाबाई मला म्हणाली. "टेम्पोत चडला की संपलं. नीट काढा."

"काळजी करू नका. विकताय का एवढा चांगला बैल?"

"जोड फुटली," दामू पहिल्यांदा बोलला. "एकल्याला ठिवून काय करायचं? औताला चालत न्हाई आन रातध्याड हंबरतोय."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष उन्हाकडे होतं.

दामूनं हरण्याला बांधावर चढवला. मी खाली गुडघ्यावर बसलो, पोटाच्या उंचीला. तोंड माझ्याकडे, अंग किंचित तिरपं, म्हणजे चारी पाय सुटे दिसतील. मागं आभाळ. बारीकसारीक सगळं जमलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि हरण्या दोन पावलं बाजूला सरकला. चौकटीच्या डाव्या काठाला जाऊन उभा राहिला. उजवा अर्धा भाग रिकामा.

"मधे घ्या त्याला," मी म्हणालो.

दामूनं ओढून मधे घेतला. मी चौकट धरली. हरण्या परत सरकला, त्याच बाजूला, तेवढाच.

"मधे, काका."

"घेतोय की."

तिसऱ्यांदा तेच. मग मी स्वतःच डावीकडे सरकून बसलो, म्हणजे तो आपोआप मधे येईल. तो पुन्हा सरकला. जणू त्याला माझी चौकट दिसत होती आणि तिच्या मधोमध उभं राहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. रोलमध्ये चारच फोटो उरले होते. बटणावरचं बोट मी मुद्दाम बाजूला ठेवलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

"असू द्या की," कोंडाबाई म्हणाली. "हाय तितं काढा."

"अहो मावशी, अर्धा फोटो रिकामा जातोय."

"जाऊ द्या."

"रिकामा फोटो भिंतीला लावणार का?"

"व्हय, लावीन."

मला हसू आलं आणि रागही आला. हातांची चौकट करून मी तिला दाखवली. "हे बघा. फोटो म्हणजे एवढी जागा. ती बैलानं भरली पाहिजे. बाजूला नुसतं आभाळ ठेवून काय करायचं? लोक म्हणतील, काढणाऱ्याला काढताच आला नाही."

"लोकाचं काय करायचंय? त्येला त्येच्या जाग्यावर ऱ्हाऊ द्या, म्हणजे मग..."

तेवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला, लांबलचक. बिराजदार उठून उभा राहिला.

"मावशी," मी म्हणालो, "मी ह्याचं शिक्षण घेतलंय."

ती पदराचं टोक हातात घेऊन बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी शिकल्यालं," ती शेवटी म्हणाली. "तुमाला कळतंय. पर नीट काढा."

मी दामूला दावं अगदी आखूड धरायला सांगितलं. हरण्याची मान ओढून धरली, पाय रोवायला लावले. आणि मग मी तेच केलं, जे सरांनी सांगितलं होतं. जवळ गेलो. गुडघ्यावर चार पावलं पुढं, आणखी दोन पावलं. आता सरकायला चौकटीत जागाच नव्हती. वरच्या काठापाशी शिंगं, खालच्या काठापाशी खूर, मधे सगळा हरण्या. चार पाय चार ठिकाणी. मी एकापाठोपाठ चारही फोटो काढले आणि रोल संपला.

"झालं," मी म्हणालो.

दामूनं हरण्याच्या गळ्यातलं दावं सोडलं. गाठ जुनी होती, सुटता सुटेना, तेव्हा त्यानं दात लावून ती सोडवली. बिराजदारनं नवं दावं घातलं. टेम्पोत चढताना हरण्या एकदा अडला, मागून दोघांनी लोटला तेव्हा चढला. कोंडाबाई रडली नाही. धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "आला का नीट?"

"असा आलाय मावशी, की बघत राहाल."

आठ दिवसांनी सोलापूरहून फोटो धुऊन आले. पहिला फोटो पाकिटातून अर्धा बाहेर आला आणि मी तो उजेडात नेला. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. मी तसाच सायकल मारत रज्जाकभाईंच्या घरी गेलो. त्यांनी फोटो उन्हात धरला, एक डोळा मिटला. फोटो तिरपा करून पुन्हा बघितला.

"चार पाय," शेवटी ते म्हणाले. "शेपूट हाय. शिंगं आभाळात हायत. मास्तर, मी असतो तर मीबी असाच काढला असता."

मला आणखी काय हवं होतं? त्याच दिवशी एक प्रत पुण्याला पाठवली. दुसरी मोठी करून घेतली, काचेत बसवली आणि रविवारी लूनाच्या पुढ्यात उभी बांधून गडदेवस्तीकडे निघालो.

वस्ती लहान होती. चार घरं, मधे लिंब. कोंडाबाईनं लांबूनच ओळखलं आणि हात पुसत बाहेर आली. दामू गोठ्यात खोरं घेऊन काहीतरी करत होता. करण्यासारखं तिथं काही नव्हतं, गोठा रिकामाच होता. घोंगडं टाकलं गेलं, पाणी आलं. मी फोटो पाठीमागे धरून थोडी मजा केली आणि मग तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. मीही तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, शाबासकी कधी येते म्हणून.

"चांगला हाय," ती म्हणाली. "डोळं बगा की कसं आल्यात." तिनं फोटो दामूकडे दिला. दामूनं लुगड्याच्या चिंधीनं काच पुसली, बघितलं आणि परत तिच्याकडे दिला. तो परत गोठ्याकडे निघून गेला.

"कुठं लावायचा?" मी विचारलं. "खिळा मारून देतो."

"ऱ्हाऊ द्या. मारतील ते."

काहीतरी बिनसलं होतं. मला तिथं बसवेना आणि उठवेना. "मावशी, आवडला नाही का?"

"तसं न्हाई." तिनं फोटो मांडीवर घेतला. उजव्या बाजूला जिथं फोटो संपत होता, तिथं लाकडी पट्टीवर तिनं बोट ठेवलं. मग बोट पट्टीच्या बाहेर, हवेत नेलं. "ह्या अंगाला पवळ्या असायचा."

"कोण पवळ्या?"

"जोडीतला. सात वर्सं जोडीनं हुबं ऱ्हायलं. औताला, गाडीला, दावणीला. पवळ्या कायम ह्या अंगाला. दसऱ्याच्या आदी त्येला पान लागलं, तासाभरात गेला." पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. "तवापासनं हरण्याला कुटं बी हुबा करा, पवळ्याची जागा सोडूनच हुबा ऱ्हातोय. दावणीला बी तसाच. पान्यावर बी तसाच. त्येला वाटायचं, येईल."

मी फोटोच्या उजव्या पट्टीकडे बघितलं.

"पवळ्याचा फोटू न्हाई. कुनी काढलाच न्हाई, आमी तरी कशाला काढतोय? मला वाटलं, हरण्याचा काढला तर पवळ्याबी त्यात येईल. त्यो जागा सोडतोयच की. म्हनलं, भिताडाला लावला की मला दोगं बी दिसतील." तिनं पदरानं काच पुसली, दामूनं पुसली होती तरी. "तुमी जागाच काढून टाकली."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. चूक माझी होती आणि ओरडत होतो तिच्यावर.

"सांगत हुते की, मास्तर. हाय तितं काढा म्हनत हुते."

खरंच म्हणत होती. मी ते अडाणीपणा म्हणून ऐकलं होतं. बांधावरचं सगळं मला आठवायला लागलं. चार-पाच वेळा हरण्या जाऊन नेमका तिला हवा तिथं उभा राहिला होता, आणि दर वेळी मी बटणावरून बोट काढलं होतं. एक फोटो काढला असता, चुकून जरी काढला असता, तरी आज माझ्याकडे काहीतरी असतं. मला स्वतःची लाज वाटली.

"मी परत काढून आणतो," मी उठून उभा राहिलो. "बिराजदारच्या गावाला जातो."

"नगं, मास्तर," गोठ्यातून दामू म्हणाला. त्याला सगळं ऐकू येत होतं. "झालं ते झालं. आता कशाला?"

कोंडाबाईच्या मांडीवर फोटो तसाच होता. मग हळूच तिनं विचारलं, "आनाल?"

तो आठवडा मला शाळेत काढवला नाही. मुलांना घडा काढायला दिला आणि एका पोरानं तो कागदाच्या कोपऱ्यात काढला, तर नेहमीप्रमाणे मधे काढ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. डोक्यात एकच भीती होती. हरण्यानं जागा सोडायचं थांबवलं असलं तर? नव्या ठिकाणी, नव्या दावणीला, किती दिवस तो वाट बघणार? शनिवारी सकाळची शाळा सुटली तसा घरी न जाताच लूना मंगळवेढ्याच्या रस्त्याला लावली.

गाव विचारत विचारत पोहोचायला अडीच वाजले. बिराजदारनं मला ओळखलं. "फोटूवालं मास्तर, तुमी हिकडं?" मी फोटो नीट आला नाही एवढंच सांगितलं. तो मला मळ्यात घेऊन गेला.

विहिरीजवळच्या चिंचेखाली हरण्या बसला होता. त्याच्या अंगाला अंग लावून दुसरा बैल बसला होता, पांढराशुभ्र, आखूड शिंगांचा. दोघं रवंथ करत होते, एकाच चालीत.

"ह्यो नंद्या," बिराजदार म्हणाला. "ह्याची बी जोड फुटलेली. हरण्या आला ते पहिलं चार दिवस वैरणीला तोंड लावंना. नुसता हंबरायचा. पाचव्या दिशी नंद्यानं त्येची मान चाटली. तवाधरनं एकमेकाबिगर पानी पीत न्हाईत."

नंद्या पवळ्याच्याच बाजूला होता. जागा भरून निघाली होती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. समोर एक जनावर सुखात बसलं होतं आणि मला वाटत होतं, अजून आठ दिवस ह्यानं दुःखात काढले असते तर काय बिघडलं असतं. असा विचार आपण करतोय हे कळायलाही मला थोडा वेळ लागला.

"पाटील, एक काम कराल? नंद्याला जरा बाजूला न्या. एक मिनिट."

"का?"

मी सांगितलं. पवळ्याचं, जागेचं, कोंडाबाईचं. बिराजदारनं ऐकून घेतलं, टोपी काढून परत घातली. "माझी आई बी तसलीच हुती," एवढंच म्हणाला.

दोघांना उठवलं आणि मोकळ्या रानात नेलं, जिथं मागं फक्त आभाळ आणि लांबवर ज्वारी होती. "ते गोंड्यांचं दावंही काढा," मी म्हणालो. "ते तिच्या ओळखीचं नाही." बिराजदार क्षणभर घुटमळला. "मोकळा सोडतो. पळाला तर तुमी धरायचा." त्यानं दावं काढलं. हरण्या पळाला नाही.

मग त्यानं नंद्याला धरून माझ्या उजव्या हाताला नेलं, दहा पावलं, पंधरा पावलं. हरण्या आपल्या जागी उभा राहिला. शेजारी मोकळी जागा. मी गुडघ्यावर बसलो. चौकटीत तो मोठा दिसत होता, म्हणून मागं सरकलो. अजून मागं. आत्तापर्यंत शिकलेलं सगळं पुढं जा म्हणत होतं आणि मी ढेकळांवरून मागं मागं घसटत होतो. हरण्या डाव्या काठाला, उजवीकडे नुसतं आभाळ आणि खाली तुडवलेलं रान. उजव्या काठात पांढरं काहीतरी हललं. नंद्याची शेपटी होती.

"अजून लांब," मी हात केला.

शेपटी बाहेर गेली, पण सावली उरली. ऊन तिरपं होतं. "अजून." सावली गेली. मी चारही काठ तपासले. नंद्याचं काही, काहीसुद्धा आत राहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात हरण्यानं मान वळवली. नंद्या लांब गेला म्हणून त्यानं त्या रिकाम्या जागेतून पलीकडे बघितलं, कान पुढं केले आणि बारीक हंबरला. मी बटण दाबलं.

आणखी काढले, पण मला ठाऊक होतं की तोच. बिराजदारनं नंद्याला सोडलं तसा तो धावतच आला आणि हरण्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

फोटो धुऊन येईपर्यंत दहा दिवस माझ्या जिवाला चैन नव्हती. द्यावा की न द्यावा, हे ठरत नव्हतं. दिला तर ती त्यात पवळ्याला बघणार, आणि हरण्या बघत होता नंद्याकडे. सांगितलं तर जागा गेली. न सांगितलं तर फसवणूक. वाटेत लूनावर ठरवलं, तिनं विचारलं तर खरं सांगायचं.

कोंडाबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. मग तिचं बोट काचेवर आलं, हरण्यावर नाही, त्या मोकळ्या आभाळावर, आणि तिथंच थांबलं.

"आवं," तिनं दामूला हाक मारली. "हिकडं या. हे बगा, हितं हाय. मान बगा कशी वळिवलीय. पवळ्याकडं बगतोय त्यो अजून."

दामू आला. त्यानं फोटो हातात घेतला, उंबऱ्यापाशी उजेडात नेला आणि फार वेळ बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "पवळ्याकडंच बगतोय."

खिळा त्यानंच मारला, चुलीच्या समोरच्या भिंतीवर, तिला बसल्या जागेवरून दिसेल असा. कोंडाबाईनं मला काही विचारलं नाही. पदरानं डोळे पुसले, हसली, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून भाकरी थापायला बसली.

जेवून निघालो तेव्हा दामू माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. लूनाला हात लावून उभा राहिला. घराकडे एकदा बघितलं.

"मास्तर, कान पुढं हायत त्येचं," तो हळू आवाजात म्हणाला. "जनावर मोकळ्या रानाकडं असं कान करत न्हाई. तितं कोन हुतं?"

मला खोटं बोलवलं नाही. "नंद्या. त्याची नवी जोड. त्याला मी बाजूला न्यायला लावला."

"कुठल्या अंगाला जुपत्यात त्येला?"

"पवळ्याच्याच."

दामूनं मान हलवली. मग लूनाच्या हँडलकडे बघत विचारलं. "खातोय न्हवं?"

"खातोय. अंगाला अंग लावून बसतात. एकमेकांशिवाय पाणी पीत नाहीत."

त्यानं डोईचं मुंडासं सोडलं, त्यात तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी उभा राहिलो. मग त्यानं तोंड पुसलं, मुंडासं नीट बांधलं, माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि घराकडे वळला.

मी लूना सुरू करायला वाकलो होतो. दारातून कोंडाबाईचा आवाज आला, "काय म्हनत हुतं मास्तर एवढा येळ?"

"काय न्हाई," दामू म्हणाला. "फोटूत पवळ्या झ्याक आलाय म्हनत हुतं."